पोलिस म्हणतात कौन्सिल, कौन्सिल म्हणतं घरमालक : इंग्लंडमधला शेजारचा त्रास निस्तरायचा कोणी?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी मला तो कसा कळला ते सांगतो. मिडलँड्समधल्या एका शहरात चार मजली ब्लॉक आहे आणि दुसऱ्या मजल्यावर तुमचा स्वतःचा, कर्जावर घेतलेला फ्लॅट. तळमजल्यावर हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे परवडणाऱ्या भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थेच्या, फ्लॅटमध्ये पन्नाशीचा एक माणूस एकटा राहतो. गेल्या काही महिन्यांपासून त्याच्याकडे रात्री-अपरात्री अनोळखी लोकांची ये-जा सुरू झाली आहे. जिन्यात गांजाचा वास असतो, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक बाइकवर पोरं हुंदडतात, दोनदा कचऱ्याचे डबे पेटवले गेले. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई संध्याकाळनंतर खाली उतरत नाहीत. १०१ वर, म्हणजे तातडी नसतानाच्या पोलिसांच्या नंबरवर, फोन केला तर पोलिस म्हणाले कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, सांगा; कौन्सिल म्हणालं भाडेकरू ज्यांचा त्यांना सांगा, आणि हाउसिंग असोसिएशन म्हणते पोलिसांचा क्राइम नंबर, म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीचा क्रमांक, आणा. हे नेमकं कोणाचं काम, आणि वैतागून फ्लॅट विकून टाकावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या कम्युनिटी सेफ्टी टीममध्ये बरीच वर्षं आहे. अशा तक्रारी हे माझं रोजचं काम. हे काम तिघांचंही आहे आणि कायद्यानंच त्यांच्या गळ्यात घातलेलं आहे. त्यामुळे तिघांपैकी ‘खरा जबाबदार’ कोण हे शोधत बसू नका. तुमच्या तीन ठिकाणच्या तीन तक्रारी एका केसमध्ये, एका नावाच्या अधिकाऱ्यासमोर कशा येतील, एवढंच बघा. ते झालं की पुढची बरीच चाकं आपोआप फिरतात. ते होत नाही तोवर तुम्ही शंभर फोन केलेत तरी ते शंभर सुटे फोनच राहतात.

१९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये एक गोष्ट पक्की केली: उपद्रव आणि गुन्हे कमी करणं हे एकट्या पोलिसांचं काम नाही. कौन्सिल, पोलिस, अग्निशमन दल, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारी सेवा) आणि स्थानिक आरोग्य यंत्रणा यांनी मिळून त्यासाठी योजना आखायची, हे बंधनकारक झालं. या एकत्र बसण्याला कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिप म्हणतात. त्याच कायद्याचं कलम १७ आणखी पुढे जातं. कौन्सिलनं कुठलंही काम करताना, मग ते रस्त्यावरचे दिवे असोत की बागेचं फाटक, त्याचा गुन्ह्यांवर आणि उपद्रवावर काय परिणाम होईल हे ध्यानात घेतलं पाहिजे, असं ते सांगतं. आपल्याकडे पोलिस राज्याच्या गृहखात्याचे आणि महापालिका वेगळी, त्यामुळे ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून गुमान पुढच्या खिडकीकडे जायची आपल्याला सवय असते. इथे तसं गुमान जाऊ नका. ‘ठीक आहे, पण तुमच्याकडे याची नोंद करा आणि मला नोंदीचा नंबर द्या’ एवढं म्हणून मगच फोन ठेवा.

मग टोलवाटोलवी होते तरी का? एक तर ‘कौन्सिल’ ही एकच गोष्ट नसते. इंग्लंडच्या बऱ्याच भागात अजून दोन थर आहेत: कचरा, घरं आणि आवाजाच्या तक्रारी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, तर सोशल वर्कर, युवा सेवा, रस्त्यावरचे दिवे काउंटी कौन्सिलकडे. जिथे युनिटरी कौन्सिल आहे तिथे हे सगळं एका छपराखाली असतं, पण खाती वेगळी, कॉम्प्युटर वेगळे. तुमच्या फोनला उत्तर देणारी मुलगी एका स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच बघू शकते. दुसरं कारण म्हणजे प्रत्येक घटना सुटी बघितली तर खरंच किरकोळ वाटते. एक डबा जळला, एकदा वास आला, रात्री दोनला कोणीतरी दार ठोठावलं. यातल्या कुठल्याच एका गोष्टीसाठी पोलिसांची गाडी तातडीनं निघणार नाही. जीव जातो तो त्यांच्या बेरजेनं, आणि बेरीज करायला कोणी बसलेलं नसतं.

ही बेरीज न झाल्यानं काय होऊ शकतं हे या देशानं २००७ मध्ये पाहिलं. लेस्टरशायरमधल्या बारवेल गावात फियोना पिल्किंग्टन यांच्या कुटुंबाला गल्लीतली पोरं वर्षानुवर्षं छळत होती. मुलगी अपंग. घरावर दगड, शिव्या, नक्कल. त्यांनी पोलिसांना तीसहून अधिक वेळा कळवलं होतं. त्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचं आणि अठरा वर्षांच्या मुलीचं आयुष्य संपवलं. २००९ मधल्या चौकशीत ज्यूरीनं पोलिसांसोबत काउंटी आणि बरो या दोन्ही कौन्सिलांवरही ठपका ठेवला. माहिती एकमेकांना दिली गेली नाही, हा त्यातला मोठा मुद्दा होता. पोलिसांच्या कामाची नंतर जी स्वतंत्र चौकशी झाली तिनंही हेच म्हटलं की प्रत्येक घटना सुटी हाताळली गेली. आमच्या क्षेत्रात नवीन माणूस आला की आजही त्याला हे प्रकरण आधी वाचायला देतात, आणि दिलंच पाहिजे.

आता हे ‘एकत्र बसणं’ प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो, कारण बाहेरून ते कोणालाच दिसत नाही. बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, कुठे दर पंधरवड्याला, केसेसची एक मीटिंग होते. नावं जागोजागी वेगळी. टेबलाभोवती, हल्ली बऱ्याचदा टीम्सच्या व्हिडिओ कॉलवर, भागातला पोलिस सार्जंट, आमच्या टीमचा एक अधिकारी, दोन-तीन हाउसिंग असोसिएशनची माणसं, प्रौढांसाठीची सोशल वर्कर, अग्निशमन दलाचा एक जण, व्यसनमुक्ती सेवेतली बाई, गरज असेल तर युवा सेवेचं किंवा मानसिक आरोग्याचं कोणीतरी. यादीत पंधरा-वीस पत्ते. एका पत्त्याला जेमतेम पाच-सात मिनिटं.

तुमच्यासारख्याच एका पत्त्याची गोष्ट सांगतो. दोन-तीन प्रकरणं मिसळून आणि तपशील बदलून सांगतोय. हाउसिंग ऑफिसर सुरुवात करते: तळमजल्यावरच्या भाडेकरूविरुद्ध शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यात, भाडं थकलंय, दार तीनदा दुरुस्त केलं, त्याला ताकीद देणार आहोत. सार्जंट म्हणतो, त्या पत्त्यावरून आम्हाला फोन आलेत पण प्रत्येक वेळी ‘काही नाही, गैरसमज झाला’ म्हणून त्यानंच परत पाठवलं. इतका वेळ गप्प असलेला अग्निशमन दलाचा माणूस वही उलटतो. स्मोक अलार्म बसवायला आमची माणसं मागच्या महिन्यात गेली होती. स्वयंपाकघरात दोन गाद्या होत्या, आणि घरमालकासारखं बोलत होता तो विशीतला पोरगा. ज्याचं घर तो कोपऱ्यात कोट घालून बसला होता. सोशल वर्कर विचारते, नाव काय म्हणालात? हा आमच्याकडे होता. शिकण्याच्या अडचणी आहेत, बहीण वारल्यापासून एकटा पडलाय. व्यसनमुक्तीवाली काही बोलत नाही, फक्त लिहून घेते.

पाच मिनिटांपूर्वी ज्याला ताकीद जाणार होती तोच माणूस आता पीडित ठरला. अंमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्या एकट्या, दुबळ्या माणसाला हेरतात, आधी मैत्री करतात, पैसे किंवा माल फुकट देतात आणि मग त्याच्याच घरात ठाण मांडतात. पोलिसांच्या भाषेत याला ‘ककूइंग’ म्हणतात. कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यावरून. दाराला आतून कडी लावायचा हक्कसुद्धा त्या माणसाकडे उरत नाही. तुमच्या तळमजल्यावर हेच चाललंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे एकटा माणूस, अचानक वाढलेली वर्दळ, थोडा वेळ थांबून जाणारी माणसं, बाइकवरची पोरं, ती सगळी त्या बाजूला बोट दाखवतात. म्हणून पुढच्या वेळी तक्रार करताना ‘तळमजल्यावरचा त्रास देतो’ एवढंच सांगू नका. ‘त्या माणसाचं घर दुसऱ्यांनी बळकावलंय का अशी शंका येते, त्याच्या सुरक्षिततेची काळजी वाटते’ हेही सांगा. हे एक वाक्य कौन्सिलमधल्या सेफगार्डिंगच्या, म्हणजे दुबळ्या माणसांना जपणाऱ्या, टीमकडे जाणारी वाट उघडतं. नुसत्या आवाजाच्या तक्रारीनं ती उघडत नाही.

‘डेटा प्रोटेक्शनमुळे आम्हाला दुसऱ्या खात्याला सांगता येत नाही’ असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते साफ चूक आहे. १९९८ च्याच कायद्याचं कलम ११५ उपद्रव रोखण्यासाठी संस्थांना एकमेकांना माहिती द्यायचा अधिकार देतं, आणि बहुतेक पार्टनरशिपचे त्यासाठी लेखी करारही झालेले असतात. तळमजल्यावरच्या माणसाबद्दल ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. पण आपापसात बोलायला त्यांना आडकाठी नाही. खरी अडचण असते ती माणूस बदलण्याची. सार्जंटची बदली होते, नवी हाउसिंग ऑफिसर येते आणि आधीच्याच्या डोक्यात जे होतं ते त्याच्याबरोबर जातं. म्हणून सगळं लेखी हवं, तुमच्याकडेही.

आता थोडं कशाला उपद्रव म्हणतात आणि कशाला नाही याबद्दल. कायद्याची कसोटी म्हणजे दुसऱ्या घरातल्या माणसाला छळ, धास्ती किंवा मनस्ताप होईल असं वागणं. घरांच्या बाबतीत ती थोडी सैल आहे. तिथे ‘उपद्रव किंवा त्रास’ पुरतो. पण मैदानात चेंडू खेळणारी पोरं, वरच्या मजल्यावरचं बाळ रडणं, लाकडी जमिनीवर चालण्याचा आवाज, हे सहसा यात बसत नाही. हाउसिंग ऑम्बुड्समननं, म्हणजे घरमालक संस्थांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यानं, २०२२ मध्ये आवाजाच्या तक्रारींवर खास अहवाल काढला तो याच कारणानं: घरात रोज होणाऱ्या आवाजाला एएसबीच्या (अँटी-सोशल बिहेवियर, म्हणजे इथे ज्याला उपद्रव म्हणतोय ते) साच्यात कोंबू नका, त्यासाठी वेगळी पद्धत ठेवा, असं त्यानं घरमालक संस्थांना बजावलं. फोडणीच्या वासाच्या तक्रारी आमच्याकडे येतात, बरं का. आम्ही त्या सौम्यपणे परत पाठवतो. गणपतीच्या आधी कार पार्कात ढोल-ताशाचा सराव मात्र जपून करा. तिथे १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आवाजाची नोटीस येऊ शकते, आणि ती काढणारा माझ्याच मजल्यावर बसतो.

पोरांचं आणि बाइकचं आधी सांगतो, कारण लोक तिथे सगळ्यात जास्त चिडतात आणि यंत्रणा तिथेच सगळ्यात हळू हलते. दहा वर्षांच्या पुढच्या मुलावर कोर्टातून मनाई हुकूम आणता येतो, पण अठराच्या खालचा असेल तर आधी तिथल्या युथ जस्टिस टीमशी बोलणं बंधनकारक आहे. ते बरंच आहे. बहुतेक पोरं पहिल्या पत्रानंतर आणि आई-बापांसमोर झालेल्या बैठकीनंतर थांबतात. मग येतो ‘अ‍ॅक्सेप्टेबल बिहेवियर काँट्रॅक्ट’. हा कायद्यातला कागद नाही, पोरानं सही करून दिलेलं वचन. लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये याची सुरुवात झाली आणि कमी खर्चात एवढं काम करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. अट एकच: सही घेतानाच त्याला संध्याकाळी जायला दुसरी जागाही दाखवायची. युथ क्लब बंद पडलेल्या भागात ते काँट्रॅक्ट म्हणजे नुसता कागद. २०१० नंतरच्या काटकसरीत युवा सेवा जिथे-तिथे कापल्या गेल्या, आणि आता आम्ही संध्याकाळच्या गस्तीवर पैसे घालतो, यावर माझं मत छापण्याजोगं नाही.

पोलिसांकडे डिस्पर्सल पॉवरही असते: इन्स्पेक्टरनं मंजुरी दिली की ४८ तासांपर्यंत ठरावीक भागातून लोकांना निघून जायला सांगता येतं. दिवाळीच्या किंवा हॅलोविनच्या रात्री कामाची, पण रोजच्या दुखण्यावर तिचा उपयोग नाही. पोरं दोन गल्ल्या सोडून बसतात आणि तिथले लोक आम्हाला फोन करतात. पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डरचंही, म्हणजे सार्वजनिक जागेत ठरावीक वागण्याला बंदी घालणाऱ्या हुकमाचंही, तेच. कौन्सिल ती तीन वर्षांपर्यंत काढू शकतं, मोडली तर १०० पौंडांपर्यंत जागेवर दंड. नगरसेवकांना ती फार आवडते कारण खांबावर पाटी लावता येते. मला ती एकटी कधीच पुरेशी वाटली नाही.

मोठ्यांच्या बाबतीत २०१४ चा अँटी-सोशल बिहेवियर, क्राइम अँड पोलिसिंग कायदा हे आमचं मुख्य हत्यार. कोणी सतत, अवाजवी आणि परिसराचं जगणं बिघडवणारं वागत असेल तर आधी लेखी इशारा, मग कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस, आणि ती मोडणं हा गुन्हा. त्यावर सिव्हिल इंजंक्शन, म्हणजे दिवाणी मनाई हुकूम. ते कोर्ट देतं आणि मोडलं तर प्रौढाला तुरुंगही होऊ शकतो. या इंजंक्शनची लोकांना माहीत नसलेली बाजू म्हणजे त्यात ‘हे करू नको’ बरोबर ‘हे कर’ असंही लिहिता येतं, उदाहरणार्थ व्यसनमुक्तीच्या भेटींना जा. म्हणून त्या मीटिंगमध्ये गप्प बसून लिहून घेणारी बाई इतकी महत्त्वाची. तिच्याकडे जागा असेल तरच न्यायाधीशापुढे ते वाक्य ठेवता येतं.

तुमच्या तळमजल्यासाठी मात्र मला क्लोजर ऑर्डर जास्त जवळची वाटते. पोलिस किंवा कौन्सिल आधी जास्तीत जास्त ४८ तासांची नोटीस दारावर लावतं आणि तेवढ्या वेळात मॅजिस्ट्रेटपुढे जातं. मॅजिस्ट्रेट तीन महिन्यांपर्यंत जागा बंद करू शकतो, वाढवून एकूण सहा. पण ‘बंद’ म्हणजे भाडेकरूला रस्त्यावर काढणं असंच नाही. ऑर्डर अशीही मागता येते की भाडेकरू, त्याची सोशल वर्कर आणि ठरावीक माणसं सोडून कोणीही त्या दारातून आत जायचं नाही. मग रात्री दोनला दार ठोठावणारा नुसता पाहुणा राहत नाही. आत सापडला तर त्याला अटक होते. दुबळ्या भाडेकरूच्या हातात पहिल्यांदा एक कागद येतो जो दाखवून तो म्हणू शकतो, ‘मी नाही, कोर्ट नाही म्हणतंय.’ अर्थात कोणीतरी रोज त्याच्याकडे चक्कर मारत असेल, कुलूप बदललं असेल, तरच. नुसता कागद चिकटवून सगळे निघून गेले तर आठवड्यात टोळी मागच्या खिडकीनं येते.

हे सगळं मिळवायला पुरावा लागतो आणि तो तुमच्याकडून येतो. आम्ही लोकांना नोंदवही देतो, हल्ली आवाज टिपायचं अ‍ॅपही देतात. बहुतेकांच्या वहीत असं असतं: ‘मंगळवार, परत तेच, रात्रभर गोंधळ.’ त्याचा कोर्टात शून्य उपयोग. हवं ते असं: ‘मंगळवार, रात्री १ वाजून ४० मिनिटं. तळमजल्याच्या दाराशी तिघं, एकाच्या अंगावर लाल जाकीट. दार सुमारे दहा मिनिटं ठोठावलं. आतून पुरुषाचा आवाज, “प्लीज, आज नको.” दोघं आत गेले, २ वाजून १५ ला बाहेर. मुलगी उठून रडली, सकाळी शाळेला उशीर.’ शेवटचं वाक्य लोक संकोचानं गाळतात. ते गाळू नका. कायद्याची कसोटीच मनस्तापाची आहे. तो कसा झाला हे तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कोण लिहिणार? बाइकचा नंबर दिसला तर लिहा, पण दिसावा म्हणून खाली जाऊ नका. तोंडावर मोबाइल धरून शूटिंग तर अजिबात नको. आणि डबा पेटलेला असेल, कोणी धमकावत असेल, आतून मारहाणीचा आवाज येत असेल तर वही बाजूला ठेवून ९९९ हा तातडीचा नंबर लावा.

‘माझं नाव बाहेर येईल’ ही भीती तुम्ही लिहिलीत, आणि ती रास्त आहे. पण इंजंक्शन आणि क्लोजर ऑर्डर दोन्ही दिवाणी मार्गाची कामं आहेत. तिथे ऐकीव पुरावा चालतो, म्हणजे शेजाऱ्यांनी काय सांगितलं ते हाउसिंग ऑफिसर किंवा पोलिस, नावं न देता, आपल्या साक्षीत मांडू शकतात. समोर उभं राहून सांगणाऱ्या साक्षीदाराइतकं वजन त्याला नसतं हे खरं, पण सात घरांतून तीच गोष्ट येत असेल तर न्यायाधीशालाही दिसतं. म्हणून ब्लॉकमधल्या इतर घरांशी बोला. एकत्र अर्ज नको; प्रत्येकानं आपापली नोंद आपापल्या शब्दांत केलेली जास्त उपयोगी. सगळ्यांची वाक्यं सारखी दिसली की वकील तेवढंच धरून बसतो.

हाउसिंग असोसिएशनशी बोलताना तीन प्रश्न ई-मेलनं विचारा. माझी केस कोणाच्या नावावर आहे? माझं रिस्क असेसमेंट, म्हणजे मला किती धोका आहे याचं मोजमाप, झालंय का? आणि हा पत्ता पोलिस आणि कौन्सिलबरोबरच्या मीटिंगमध्ये घेतलाय का? सासूबाई घाबरून घरात बसतात, घरात लहान मूल आहे, हे रिस्क असेसमेंटमध्ये गेलं की गुण बदलतात आणि केस यादीत वर सरकते. क्राइम नंबर आणा ही त्यांची मागणी तर उडवूनच लावा. उपद्रवाबद्दलचं आपलं धोरण जाहीर करणं सामाजिक घरमालकांना १९९६ च्या हाउसिंग कायद्यानं बंधनकारक आहे. ते धोरण त्यांच्या वेबसाइटवर असतं, आणि क्राइम नंबर असल्याशिवाय तक्रार घेणार नाही अशी अट मी तरी कुठल्या धोरणात वाचलेली नाही. त्यांच्याच धोरणातला परिच्छेद ई-मेलमध्ये चिकटवा. माझ्या अनुभवात याहून जलद उत्तर दुसऱ्या कशानं येत नाही.

एवढं करूनही कोणी हललं नाही तर एएसबी केस रिव्ह्यू मागा. जुनं नाव कम्युनिटी ट्रिगर, २०१४ च्याच कायद्यातला. साधारण नियम असा की सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या असतील तर कौन्सिल, पोलिस, आरोग्य यंत्रणा आणि घरमालक संस्थेला तुमची केस एकत्र बसून तपासावीच लागते. प्रत्येक भाग आपला उंबरठा ठरवतो, पण तीनपेक्षा जास्त तक्रारींची अट कोणालाच घालता येत नाही. तक्रारी तिघांकडे एकेक केलेल्या असल्या तरी चालतात, फक्त घटना घडल्यापासून महिन्याच्या आत केलेल्या हव्यात. म्हणूनच मघाशी नोंदीचा नंबर मागा म्हणालो. अर्ज तुमच्या वतीनं नगरसेवक, खासदार किंवा मैत्रीण कोणीही करू शकतं, तुमची संमती असली की झालं. स्वतः हजर राहून किंवा कोणाला पाठवून तुमचं म्हणणं मांडता येईल का, हे नक्की विचारा.

रिव्ह्यूकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नका. त्यातून शिफारशी निघतात. त्यांचा विचार करणं संस्थांना भाग असतं, जसंच्या तसं पाळणं नाही. कोणाची चूक हे ठरवायची ती जागा नव्हे. त्यासाठी घरमालक संस्थेविरुद्ध हाउसिंग ऑम्बुड्समन आणि कौन्सिलविरुद्ध स्थानिक शासनाचा वेगळा ऑम्बुड्समन आहे, आधी त्या संस्थेची स्वतःची तक्रार प्रक्रिया संपवून. पण रिव्ह्यू मागितला की एक गोष्ट हमखास होते. तिन्ही संस्थांना आपापल्या नोंदी काढून एका कागदावर, तारखेनुसार लिहाव्या लागतात. तो कागद पहिल्यांदा पाहून खोलीत पसरणारी शांतता मी ओळखतो. प्रत्येकाला वाटत असतं दुसरा काहीतरी करतोय.

तुम्ही भारतीय म्हणून कोणी काही बोललं असेल, तुमच्या मेलमध्ये एका ठिकाणी तसा ओझरता उल्लेख आहे, तर ते वेगळं, त्याच शब्दांत नोंदवा. वर्णद्वेषाचा भाग असला की ते हेट क्राइम म्हणून नोंदलं जातं आणि पोलिसांची पुढची पावलं बदलतात. आपली माणसं हे गिळून टाकतात. व्हिसाची भीतीही मधूनमधून ऐकू येते. वैध व्हिसावर राहणाऱ्यानं शेजारच्या त्रासाची तक्रार केली म्हणून त्याच्या व्हिसाला काही होत नाही.

आणि फ्लॅट विकण्याबद्दल. इथे घर विकताना विक्रेत्याला मालमत्तेच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रारी झाल्यात का असा थेट प्रश्न असतो. काही मराठी कुटुंबं नेमक्या याच भीतीनं तक्रारच करत नाहीत. पण फॉर्ममध्ये खरं सांगावंच लागतं, तक्रार केलेली असो वा नसो. लपवलं आणि नंतर उघड झालं तर घेणारा दावा लावू शकतो. ‘त्रास होता, ऑर्डर निघाली, अमुक महिन्यापासून शांत आहे’ हे लिहिता येणं ‘त्रास चालू आहे’ यापेक्षा केव्हाही बरं. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता विकायला काढलं नसतं. पोलिस नेमके कधी हलतील हे त्यांच्या तपासावर असतं, कधी कधी ते मुद्दाम थांबतात, वरचा माणूस सापडावा म्हणून, आणि तेवढा काळ तुम्हाला कोणी काहीच करत नाही असं वाटत राहतं. विकण्याआधी सहा महिने थांबून बघा.

जळालेल्या डब्यांचं मात्र थांबू नका, ते या आठवड्यातच करा. अग्निशमन दलाला फोन करून घरी येऊन तपासणी करायला सांगा, बहुतेक ठिकाणी ती फुकट असते; येतील तेव्हा डबे जिन्याला किती लागून आहेत ते त्यांना दाखवा. हाउसिंग असोसिएशनला फोटोसह लिहा की डब्यांची जागा कुलूपबंद करा किंवा भिंतीपासून लांब हलवा, आणि जिन्यातला बंद पडलेला दिवाही त्याच मेलमध्ये टाका. सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून काळजी करू नका. तपासणीला येणाऱ्यांना आधी सांगितलंत तर फोनवर दुभाष्याची सोय होते का ते ते बघतात. आग लागली तर कुठल्या जिन्यानं उतरायचं, कुठे थांबायचं, हे सासूबाईंनी अग्निशमनवाल्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.